सखीची सोबत : बीडच्या कन्याशाळांतील मैत्रीभावना

दिवाळीचे वहीपूजन आटोपते आणि पाठोपाठ ज्ञानपंचमी येते. घरोघरी ग्रंथांची पूजा होते, मुलांना ज्ञानाराधनेचे महत्त्व सांगितले जाते. नेमक्या याच दिवसांत बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. आपल्या व्यापारी बांधवांना हे स्थलांतर नवे नाही. प्रवासाची शिधासामग्री त्यांच्याच दुकानांतून जाते. परंतु मागे राहिलेल्या मुलींची कथा दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

ही मुलगी आजीजवळ राहते किंवा हंगामी वसतिगृहात. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा आईवडील बहुधा उसाच्या फडातच असतात. घरकाम, धाकट्या भावंडांची जबाबदारी, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे सुट्टीत ठरू शकणारा विवाह. पती-पत्नीच्या जोडीला ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. मुलीचे लग्न झाले की तिच्या सुरक्षिततेची चिंता मिटते आणि नवा कोयताही तयार होतो, असा हिशेब गरिबी मांडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील शंभरपैकी सुमारे 44 स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले.

अशा मुलीची घालमेल सर्वप्रथम कोणाच्या ध्यानी येते? बहुधा शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या. डबा न उघडता तसाच परत नेला जातो, वही कोरी राहते, हसतीखेळती मुलगी अबोल होते. शिक्षकांसमोर चाळीस-पन्नास चेहरे असतात, सखीसमोर एकच. बुडालेल्या धड्यांची वही उतरवून देणे, संध्याकाळी तिच्या घरापर्यंत सोबत जाणे, ‘काय झालं गं?’ एवढे विचारून निमूटपणे ऐकणे, ही कामे लहान दिसली तरी खचणाऱ्या मनाला तीच आधार देतात.

आपल्या धर्मात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. त्यांत मैत्री पहिली आहे. कारुण्यात देणारा आणि घेणारा असा भेद राहू शकतो. मैत्रीत दोघी एकाच बाकावर बसतात. प्रमोद म्हणजे दुसऱ्याच्या गुणांचा आनंद. ‘लातूर पॅटर्न’च्या गुणस्पर्धेत होरपळणाऱ्या आपल्या सुस्थित घरांतील कन्यांनाही या भावनेची तितकीच गरज आहे. मैत्रिणीला दोन गुण अधिक मिळाले म्हणून ज्या घरात मुलीला टोचून बोलले जात नाही, त्या घरात प्रमोदभावना खऱ्या अर्थाने नांदते.

मात्र मैत्रीलाही विवेक हवा. एखादी मुलगी जीव नकोसा झाल्याचे बोलली किंवा तिचा बालविवाह ठरल्याचे कळले, तर ते गुपित राखणे म्हणजे मैत्री नव्हे. तत्काळ विश्वासातील शिक्षिकेला वा मोठ्या माणसाला सांगावे. संकटातील मुलांसाठी 1098 आणि मानसिक आधारासाठी 14416 हे शासकीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहेत. सखीने दुःख ऐकावे; त्याचे सारे ओझे तिच्या कोवळ्या खांद्यांवर राहू नये.

एकत्र राहून सावरण्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांचे ‘शांतिवन’ ऊसतोड कामगार व आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांना निवारा आणि शिक्षण देत आले आहे. समदुःखी मुले एका पंगतीत जेवतात, एका दिव्याखाली अभ्यास करतात, तेव्हा ‘मी एकटी आहे’ ही भावना हळूहळू विरते.

समाजाने मोठी वास्तू उभारली तरच सेवा घडते असे नाही. परीक्षेच्या महिन्यात आपल्या कन्येच्या वर्गमैत्रिणीला अभ्यासासाठी घरी बोलवावे, तिला ताटावर बसवावे, फडावरील आईशी बोलण्यासाठी आपला फोन द्यावा. शाळांच्या विश्वस्त मंडळांवर असलेल्या बांधवांनी मुलींना निर्धास्तपणे बोलता येईल असा आठवड्याचा एक तास आणि एक विश्वासू शिक्षिका नेमावी. परस्परांवर उपकार करणे हा जीवांचा धर्मच आहे, ही शिकवण आपल्या मुली वर्गात रोज आचरत आहेत. येत्या ज्ञानपंचमीला ग्रंथांपुढे दिवा लावताना, आपल्याच गावात वही मिटण्याच्या बेतात असलेल्या एखाद्या मुलीचीही प्रत्येक घराने चौकशी करावी.