ऋण गुणिले ऋण

मागच्या जुलैत मी आमच्या श्रीगोंद्यातल्या एका महाविद्यालयात प्राचार्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांना वाटलं, स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलवा असं सुचवायला आलोय. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचं महाविद्यालयात दुसरं काय काम? मी म्हणालो, "बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बीजगणिताचा तास असतो, तिथं मागच्या बाकावर बसू द्याल का? हजेरीत नाव नको, परीक्षाही नको." त्यांनी चहा मागवला. बहुधा मी शुद्धीवर आहे की नाही हे चहा येईपर्यंत अजमावून घ्यावं, असा विचार असावा. शेवटी म्हणाले, "बसा. पण पोरं हसली तर आमच्याकडं तक्रार आणू नका."

पोरं हसली. पहिले दोन दिवस हसली, तिसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "काका, कालचं उतरवून घेतलंय का?" तेव्हापासून मी वर्गातला झालो.

ही कल्पना मुळात माझी नव्हे. मुलगी अमेरिकेत असते. तिच्याकडं गेलो होतो तेव्हा तिच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजचं वाचनालय बघायला गेलो. तिथं ट्रक चालवणारा एक पन्नाशीचा गृहस्थ वीस वर्षांच्या पोरीशेजारी बसून समीकरणं सोडवत होता. अशी दोन वर्षांची सरकारी महाविद्यालयं तिकडं गावोगाव आहेत. पहिलं १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला निघालं. 'कॉलेज अल्जिब्रा' हा त्यांचा उंबरठ्यावरचा विषय. परिचारिका व्हायचं असो की हिशेबनीस, बहुतेकांना तो ओलांडावा लागतो आणि पुष्कळजण तिथंच अडखळतात. आपल्याकडं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून शिक्षण सुटलेल्यांना पुन्हा आत घेतंय, हे मोठंच काम. पण मला पदवी नको होती. पदवी होतीच, मराठीची. मला एक जुनी थकबाकी फेडायची होती.

ती सांगतो.

२००३ चा मार्च. तालुक्यातल्याच एका शाखेत मी व्यवस्थापक होतो. मार्चअखेर म्हणजे काय असतं ते बँकेतल्या माणसाला विचारावं. त्या महिन्यात आम्ही घरच्यांनाही ओळखत नाही. त्या गर्दीत मांडवगणकडचा एक शेतकरी आला. लिंबाची बाग होती. माल बाजारात न्यायला जुना टेम्पो घ्यायचा होता, एक लाख कमी पडत होते. म्हणाला, "साहेब, तुमचा दर तेरा टक्के सांगतात. बाहेरची फायनान्सवाली कंपनी दहा टक्क्यांनी देतीय, फ्लॅट. तीन वर्षं मुदत. कुणाचं स्वस्त?"

मी मान वर न करता म्हणालो, "दहा तेरापेक्षा कमीच ना?"

फ्लॅट आणि घटत्या बाकीवरचं व्याज यातला फरक मला ठाऊक नव्हता असं नाही. परीक्षेला तो प्रश्न सोडवला होता. पण किती फरक पडतो हे मांडून दाखवायला मला आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं प्रकरण आमच्याकडं आलं असतं तर सात-बारा, जामीनदार, तारण हा सगळा व्याप मार्चमध्ये माझ्याच टेबलावर पडला असता. तो गेला आणि त्यानं टेम्पो घेतला. पुढं एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "हप्ता जरा जड जातोय, साहेब." बस्स, एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता. मी ते वाक्य दोन कादंबऱ्यांत दोन वेगळ्या पात्रांच्या तोंडी घातलं, तरी ते माझ्याकडून गेलं नाही.

बँकेत अडतीस वर्षं काढली. हप्ता काढायचा तो तक्त्याच्या पुस्तकातून, नंतर संगणकातून. आकडा येतो कुठून हे विचारायची गरज पडली नाही. दहावीला बीजगणितात काठावर सुटलो होतो. आमच्या वेळी फळ्यावर 'क्ष' असे, आणि 'क्ष म्हणजे काय' असं विचारलं तर मास्तरांची छडी असे. त्या मास्तरांना मी दोष देत नाही. एका वर्गात सत्तर पोरं होती.

आताच्या मॅडम वयानं माझ्या मुलीहून लहान. रोज एसटीनं येतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मीनं जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातल्या 'अल-जब्र'चा अर्थ मोडलेलं पुन्हा जोडणं. स्पॅनिश भाषेत 'अल्जेब्रिस्ता' म्हणजे हाडं बसवणारा. मला आमचे गावोगावचे हाडवैद्य आठवले. समीकरणाच्या एका बाजूची उणी संख्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवायची, आणि तीही दोन्हीकडं सारखाच धक्का देऊन! इतकी वर्षं मी हे 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' असं घोकत होतो.

आपल्याकडचे शब्द त्याहून जुने. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त संख्यांचे नियम दिले ते 'धन' आणि 'ऋण' याच भाषेत. अज्ञात संख्येला 'यावत्तावत्', म्हणजे जितकी असेल तितकी. एकाहून जास्त अज्ञात असले की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा! १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिलं तेही याच परंपरेत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे, की त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. भाऊ दाजी लाडांनी तो लेख अभ्यासकांपुढं आणला. नातू आजोबांचं बीजगणित शिकवतोय; आणि इथं आजोबा नातवंडांच्या वर्गात, असं मी मॅडमना म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, आधी तिसरं उदाहरण सोडवा."

ऋण गुणिले ऋण धन का, हा प्रश्न एका मुलानं भर वर्गात विचारला. मॅडमनी नियमांवरून सिद्ध करून दाखवलं. सिद्धता पटली, पण त्याचा चेहरा तसाच. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही बँकेत होतात. सांगा काहीतरी." मी उभा राहिलो. म्हणालो, "तुझ्या घरावर दोन-दोन हजारांची तीन कर्जं आहेत. कर्ज म्हणजे ऋण. २००८ ची कर्जमाफी आली. तिन्ही कर्जं काढून टाकली. काढणं म्हणजे उणे तीन, आणि प्रत्येक कर्ज उणे दोन हजार. तुझं घर किती वर आलं?"

"सहा हजार."

"वर की खाली?"

"वर." मग क्षणभर थांबून म्हणाला, "पण हातात तर काहीच येत नाही, काका."

वर्ग हसला, मी मात्र गप्प झालो. माफीच्या याद्या मी केल्या होत्या. बाहेर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरेही पाहिले होते. याच वाक्याचे होते ते.

संमिश्र संख्यांनी मला पुरतं दमवलं, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. महत्त्वाचा दिवस उजाडला ऑगस्टअखेर. गणिती विगमनाच्या धड्यात गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेचं सूत्र आलं. विगमनानं ते खरं ठरलं, पण आलं कुठून हे कळेना. तास संपल्यावर विचारलं. मॅडमनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एक मूळ श्रेढी. तिच्याखाली तीच, गुणोत्तरानं गुणून एक घर सरकवलेली. वजाबाकी केली. मधलं सगळं एकमेकांना खाऊन गेलं; उरलं फक्त पहिलं पद आणि शेवटचं.

"हाच तुमचा हप्ता, काका," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी येणारा रुपया आज रुपयाचा नसतो, थोडा कमीचा. छत्तीस हप्ते, दर महिन्याला थोडे थोडे घटलेले. त्यांची बेरीज म्हणजे कर्ज."

अडतीस वर्षं जो तक्ता मी पोथीसारखा उघडत होतो, तो दोन ओळींत मावला होता.

त्या रात्री जेवणानंतर मांडवगणचं कर्ज मांडायला बसलो. एक लाख, फ्लॅट दहा टक्के, तीन वर्षं: व्याज तीस हजार, हप्ता ३,६११. आमचे तेरा टक्के घटत्या बाकीवर: हप्ता ३,३६९, एकूण व्याज २१,३०० च्या आसपास. म्हणजे 'दहा तेरापेक्षा कमी' या माझ्या उत्तराची किंमत ८,७०० रुपये. २००३ चे रुपये.

मग कंपनीचा खरा दर काढायला गेलो आणि अडलो. समीकरण छत्तिसाव्या घाताचं. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, याला सूत्र शोधू नका. पाचव्या घातापासून पुढं सर्वसाधारण सूत्रच नाही. नॉर्वेच्या आबेलनं १८२४ साली पाचव्या घाताच्या बाबतीत ते सिद्ध केलं. अंदाजानं जवळ जायचं. महिना १.४ टक्के धरले, हप्ता आला ३,५५५, कमी. दीड धरले, ३,६१५, चार रुपये जास्त. म्हणजे दीडला किंचित कमी. वर्षाला अठरा टक्के.

सौ. म्हणाली, "आता हे त्यांना सांगणार आहात?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "कशासाठी? तुमच्यासाठी की त्यांच्यासाठी?" याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. तरी गेलो.

वस्तीवर तो बाजेवर बसला होता. आता थकलाय. लिंबाची बाग मुलानं वाढवलीय. मी कागद काढून सगळं सांगितलं, माझं मार्चमधलं वाक्यसुद्धा. त्यानं शांतपणे ऐकलं.

"टेम्पोचं होय?" तो म्हणाला. "तो कवाच भंगारात गेला, साहेब. आणि तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असता तरी मला घाई होती. मी तिकडंच गेलो असतो." थोडं थांबून म्हणाला, "पण साडेआठ हजार म्हणता?"

"आठ हजार सातशे."

"बरेच की."

मग त्यानं नातवाला हाक मारली. पोरगा आतून एक घडी केलेला कागद घेऊन आला. ट्रॅक्टरसाठी कुठल्याशा फायनान्सनं दिलेला: रक्कम, मुदत, हप्ता, वर ठळक अक्षरांत दर.

"आता येतंय म्हणता नं तुम्हाला," म्हातारा म्हणाला, "मग हे बघा जरा." आणि बाजेवर सरकून त्यानं जागा केली. मी खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि पोराला म्हणालो, "वही आण. मी नाही, तूच मांडायचंस."