गुलाबी रंगाची तजवीज

पुण्याकडून येताना नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरावे, तो निवडणुकीच्या दिवसांत शिरवळच्या वेशीवर प्रवाशास प्रथम भेटतात त्या पुढाऱ्यांच्या हात जोडलेल्या छबी. आणि त्या हातांची ठेवण, जाकिटाचा रंग, ओठांवरील हसू हे सारे कोणा मोलाने नेमलेल्या इसमाने मुक्रर केलेले असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. फलकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये बंधनकारक आहे; हसू बेतणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नसते.

राजीव गांधींच्या १९८४ च्या प्रचाराचे काम मुंबईच्या रेडिफ्यूजनकडे गेले, तेव्हापासून हा व्यवसाय आपल्याकडे प्रतिष्ठित झाला. परंतु त्याचे मर्म पाहावयाचे तर अजित पवारांचे उदाहरण घ्यावे. २०२४ च्या लोकसभेत त्यांच्या पक्षाच्या पदरी रायगडची एकच जागा पडली, घरची बारामतीही हातची गेली; तेव्हा नरेश अरोरा यांच्या डिझाइनबॉक्स्ड या संस्थेकडे प्रतिमेचा कारभार सोपविण्यात आला. ज्या फटकळपणास साखरपट्ट्यातील माणूस 'दादांचे तोंडावरचे बोलणे' म्हणून गुणच समजत असे, तो गुलाबी जाकिटाआड गेला. जाहिरातकार स्वभाव घडवीत नाही; त्यातले काय सावलीत ठेवावे, एवढेच तो ठरवितो.

शब्दांनाही हाच न्याय लागला. महिलांना दरमहा १५०० रुपये देणाऱ्या योजनेचे नाव 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण'. पक्षाच्या जाहिरातींतून त्यातला पहिलाच शब्द गळला. मुख्यमंत्रिपदी होते एकनाथ शिंदे, तेही साताऱ्याच्याच दरे गावचे! शिंदे यांच्या पक्षाचे मंत्री, पाटणचे शंभूराज देसाई यांनी हरकत घेतली, आणि एका गाळलेल्या शब्दाचा बखेडा थेट मंत्रिमंडळापर्यंत गेला.

नोव्हेंबरातील विधानसभा निवडणुकीत अजित पवारांच्या पक्षाच्या ४१ जागा आल्या; शिरवळ ज्यात मोडते तो वाई मतदारसंघही मकरंद पाटलांकडे राहिला. यात गुलाबी रंगाचा वाटा किती आणि बँकेत जमा झालेल्या रकमेचा किती, याचा हिशेब कोणी मांडू म्हणेल तर मी पारडे रकमेकडेच झुकवीन.

चेहरा न दाखविता कीर्ती झाल्याचे उदाहरणही इथेच आहे. याच शिरवळास पशुवैद्यक महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे. बेचाळीसच्या चळवळीनंतर नाना पाटील भूमिगत असताना चेहरा ओळखला जाणे म्हणजे अटक. त्यांची कीर्ती फिरली ती कर्णोपकर्णी, खेडोपाडी, रातोरात. १९५७ मध्ये याच साताऱ्याने त्यांना लोकसभेत धाडले.