परदेशांतून आणावयाचें घड्याळ

स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहरीं सरोवराच्या कांठीं श्वानेनप्लाट्स नांवाचा चौक आहे. त्याच्या आसपास घड्याळांचीं मोठमोठीं दुकानें असून सहलीचे प्रवासी तेथें हमखास रेंगाळतात. मुंबई-पुण्याकडचें एखादें जोडपें आंत शिरतें, विक्रेता मखमलीच्या तबकांत मनगटी घड्याळ ठेवतो आणि परदेशस्थांस कर परत मिळतो, असें अदबीनें सांगतो. तेवढ्यावरून घड्याळ तेथें स्वस्त पडतें अशी समजूत होऊन बसते. ती कितपत खरी, हें कागदावर मांडून पाहिलें पाहिजे.

१ जानेवारी २०२४ पासून तेथील मूल्यवर्धित कर शेंकडा ८.१ आहे. तो सांगितलेल्या किंमतींत आधींच मिळविलेला असतो. १०,८१० फ्रँकांच्या घड्याळांत कर ८१० फ्रँकांचा. म्हणजे तो सगळा परत आला तरी सूट शेंकडा साडेसातच पडते. परतावा देणारी पेढी मध्यें असेल तर ती आपलें शुल्क कापून घेते, तें निराळेंच. एका दुकानांतील खरेदी निदान ३०० फ्रँकांची हवी, वस्तु नव्वद दिवसांच्या आंत देशाबाहेर गेली पाहिजे, आणि देश सोडतांना जकात अधिकाऱ्याचा शिक्का कागदावर पडला पाहिजे.

या शिक्क्यापाशींच पुष्कळांची गाडी अडते. स्वित्झर्लंड हा युरोपीय संघाचा घटक नव्हे. त्यामुळें लुसर्नला खरेदी करून, मोटारीनें मिलानला जाऊन, तेथून विमानानें मुंबईस परतणाऱ्याला मिलानचा शिक्का निरुपयोगी ठरतो. तो स्विस सरहद्दीवरच घ्यावा लागतो. सहलीची गाडी तेथें थांबेलच असा नेम नाहीं. व्यवस्थापकास आधीं विचारून ठेवणें बरें. विमानानें निघणाऱ्यानेंही पेटी विमान कंपनीच्या स्वाधीन करण्यापूर्वींच हें काम उरकावें, कारण अधिकारी वस्तु पाहावयास मागूं शकतो.

आतां हिशेबाची दुसरी बाजू. भारताच्या २०१६ सालच्या सामानविषयक नियमांनीं युरोपांतून परतणाऱ्या भारतीय प्रवाशास ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तु जकातीवांचून आणण्याची मुभा दिली. त्यापुढील किंमतीवर २०१८ सालीं अधिभार धरून शेंकडा ३८.५ जकात होती. साडेआठ लाख रुपयांचें घड्याळ घेतलें, तर त्या दरानें आठ लाखांवर ३,०८,००० रुपये भरावे लागत. उलट स्विस करपरतावा आजच्या दरानेंही चौसष्ट हजारांच्या आंतच राहतो! पति-पत्नींची मुभा एकत्र करण्यास त्या नियमांची मनाई होती. सरकार हे आंकडे वेळोवेळीं बदलतें, म्हणून निघण्यापूर्वीं चालू दर पाहून घेणें अगत्याचें आहे.

घड्याळ मनगटावर बांधलें कीं तें वापरांतलें ठरतें, ही युक्ति प्रवाशांत कानोंकानीं फिरते. तिच्यांत अर्थ नाहीं. २०१६ च्या नियमांत पेटींतल्याप्रमाणेंच अंगावरच्या वस्तूंचाही स्पष्ट उल्लेख होता. नवें घड्याळ तांबड्या वाटेनें जाऊन जाहीर करावें. लपविल्यास १९६२ च्या जकात कायद्यानें तें जप्त होऊं शकतें, वर दंडही. पावती फाडणें हा तर शुद्ध वेडेपणा. अधिकारी किंमत स्वतः ठरवितात, आणि पुढें विम्याच्या वेळीं मालकाच्या हातीं कांहींच उरत नाहीं. याउलट, येथूनच आपलें जुनें मौल्यवान घड्याळ घालून जाणाऱ्यानें निघतांना विमानतळावरील जकात खात्याकडून तसा दाखला घ्यावा, म्हणजे परततांना वाद होत नाहीं.

मग तेथें घ्यावेंच कशाला? हवा तो नमुना येथें मिळत नसेल, तर कारण रास्त आहे. केवळ स्वस्ताईसाठीं मात्र नव्हे. शिवाय १० मार्च २०२४ रोजीं झालेल्या व्यापारी करारान्वयें स्विस घड्याळांवरील आयात जकात टप्प्याटप्प्यानें उतरावयाची आहे. तेव्हां येथल्या अधिकृत दुकानाची किंमत आधीं विचारलेली बरी.

घेणाऱ्यानें दुकान सोडण्यापूर्वीं घड्याळावरील क्रमांक हमीपत्रावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा, आणि त्यावर विक्रीची तारीख व विक्रेत्याचें नांव घालून घ्यावें. मुंबईंत दुरुस्तीची वेळ आली, कीं पहिल्यानें हाच कागद मागतात.