बक्कल, फीत आणि तारा

छंद म्हटला कीं पोस्टाचीं तिकिटें आणि जुनीं नाणीं हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु पोलिसांचे गणवेश, टोप्या, बिल्ले व हुद्द्याचीं चिन्हें जमविणारेही लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यांत जर्मन पोलिसांच्या वस्तूंचे शोकी निराळेच असतात. असा एखादा बिल्ला उद्यां आपल्या घरांतील तरुणानें आणला, तर “हा काय भलताच नाद!” एवढें म्हणून वडीलमंडळींचें कर्तव्य संपत नाहीं. ह्या छंदांत शिकण्यासारखें बरेंच आहे, आणि सांभाळण्यासारखेंही आहे.

प्रथम त्याची गोडी पाहूं. जर्मनींत पोलीसखातें मुख्यतः घटकराज्यांच्या हातीं असतें. घटकराज्यें सोळा, म्हणून बाहीवरील राजचिन्हेंही निरनिराळीं. खांद्यावरील ताऱ्याचा रंग बहुतेक ठिकाणीं सेवेची श्रेणी सांगतो : निळा तारा कनिष्ठ श्रेणीचा, रुपेरी मधल्या श्रेणीचा, आणि सोनेरी वरिष्ठांचा. पूर्वींचा हिरवा गणवेश जाऊन चालू शतकांत निळा आला. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं पूर्व जर्मनीचें राज्य संपुष्टांत आलें, आणि तेथील पोलिसांच्या टोप्या व कोट जुन्या बाजारांत विकावयास आले. राज्य मोडलें कीं त्याचा बिल्ला संग्राहकाच्या पेटींत येतो, असा हा क्रम आहे.

आपल्याकडे तरी दुसरें काय झालें? कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीहून एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यांत कोल्हापूर, कुरुंदवाड, सांगली, मिरज अशीं कित्येक संस्थानें नांदत होतीं. पटवर्धनांचीं संस्थानें १९४८ मध्यें आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें १९५० मध्यें प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील ब्रिटिश मुकुट उतरला, व तेथें अशोकस्तंभाचे सिंह आले. संस्थानी चपराशी, पट्टे, बकलें हीं कोणाच्या माळ्यावर राहिलीं, कोणाच्या घरून मोडीच्या भावानें गेलीं. जर्मन ताऱ्यांचे रंग तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलास हवालदाराच्या बाहीवरील तीन फिती, किंवा फौजदाराच्या खांद्यावरील दोन तारे व लाल-निळी फीत ओळखतां येऊं नये, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

आतां सांभाळण्याची बाब. १९३६ मध्यें सर्व जर्मन पोलीस हिमलरच्या हाताखालीं आणले गेले. त्यांतील हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव दलांत बहुतेक मध्यमवयीन, संसारी गृहस्थ होते. १३ जुलै १९४२ रोजीं ह्या दलानें पोलंडांतील यूझेफूफ गांवीं सुमारें १५०० ज्यू लोकांना गोळ्या घातल्या. त्यांत बायका व मुलेंही होतीं. हें काम नको असेल त्यानें बाजूस व्हावें, अशी मुभा त्यांच्या अधिकाऱ्यानें आधींच दिली होती. बाजूस झाले ते फार थोडे. त्या काळचा बिल्ला म्हणूनच शोभेचा पदार्थ नव्हे. त्यावरील चिन्ह पाहून आपल्या उंबरठ्यावरील मंगल स्वस्तिकाच्या सवयीनें कोणी भुलूं नये. खुद्द जर्मनींत अभ्यास, कला अशा कारणांवांचून त्याचें प्रदर्शन करणें दंडनीय आहे. असा बिल्ला घरांत असलाच, तर त्याच्या शेजारीं ही हकीकत लिहून ठेवावी. नुसता मिरविण्यासाठीं तो ठेवूं नये.

व्यवहाराच्याही चार गोष्टी आहेत. नकली माल फार. म्हणून वस्तु कोणाकडून, केव्हां, किती किमतीस घेतली हें वहींत नोंदवावें. पितळेचा बिल्ला चिंचेनें घांसून लखलखीत करूं नये, कारण त्यानें अक्षरें झिजतात. लोकरी कोटास कसर लागते, तो अधूनमधून सावलींत वारा देऊन ठेवावा. आपल्या पोलिसांचा चालू गणवेश लोकांस फसविण्याच्या हेतूनें घालणें हा भारतीय न्याय संहितेच्या २०५ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, हें तरुणांनीं विसरूं नये. नदीकांठच्या घरांनीं आणखी एक काळजी घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर वाडीकरांनीं पाहिले आहेत. पाणी चढूं लागलें कीं तेथें देवाची उत्सवमूर्तिही उंच स्थानीं नेतात. मग आपली पेटी तळघरांत कां असावी? ती माडीवर ठेवावी, आणि वहीची एक प्रत दुसऱ्या गांवच्या आप्तांकडे द्यावी.

जर्मन बिल्ला पैसे टाकले कीं मिळेल. परंतु पणजोबांच्या बकलावरील आंकड्याचा अर्थ सांगणारे काका किंवा आत्याबाई आज ऐंशीच्या घरांत असतील. छंदाचा आरंभ त्यांच्याजवळ बसून करावा, आणि ते सांगतील तें त्याच दिवशीं वहींत उतरून घ्यावें.