संत्रा पुढे, कागद मागे

जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन सौंसरच्या रस्त्याला लागलं की संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचा हा मुलूख. नागपूरचं विमानतळ इथून सुमारे सत्तर किलोमीटर. इथला संत्रा ट्रकनेच बाहेर पडतो, आणि ते हिशेबाला धरूनच आहे, कारण एवढ्या वजनदार, पाणीदार फळाला विमानाचं भाडं सहसा झेपत नाही. तरी समजा, आंबिया बहाराच्या चार निवडक पेट्या नमुना म्हणून नागपूरहून दोह्याला विमानाने धाडायच्या आहेत.

बीजक, पॅकिंग लिस्ट, कस्टम्सचं शिपिंग बिल आणि फळाला कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र (धंद्यातली माणसं त्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतात) हे कागद बोटीने माल धाडला तरी लागतातच. विमानाचा म्हणून खास कागद एकच, एअर वेबिल. आणि तो वाचण्यासारखा असतो.

सुरुवात त्याच्या अकरा आकडी नंबरापासून करू. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतार एअरवेजचे १५७. पुढचे सात आकडे अनुक्रमाचे, आणि शेवटचा आकडा पहारेकरी. त्या सात आकड्यांच्या संख्येला ७ ने भागायचं. जी बाकी उरेल तीच शेवटी लिहायची. म्हणजे ४८२१०७३ ला भागलं की बाकी ५, आणि आपला काल्पनिक नंबर झाला १५७-४८२१०७३५. आता टाइप करताना घाईत ४८ चे ८४ झाले, तर बाकी ३ येते आणि संगणक तिथेच अडतो. एअर वेबिलाच्या शेवटी ७, ८ किंवा ९ कधीच का दिसत नाही, तेही यातून उलगडतं. मात्र पहारेकरी एका डोळ्याने अधू आहे. ०७ चे ७० झाले तर फरक पडतो ६३० चा, त्याला ७ ने नेमका भाग जातो, आणि चूक बिनबोभाट आत शिरते. मला हा दोष त्या युक्तीइतकाच आवडतो.

कागदाच्या मूळ प्रती तीन: हिरवी विमान कंपनीची, गुलाबी माल घेणाऱ्याची, निळी धाडणाऱ्याची. गुलाबी प्रत मालाबरोबरच उडते. आणि कागदाच्या माथ्यावर छापलेलं असतं, ‘नॉट निगोशिएबल’.

खरं आश्चर्य इथे आहे. बोटीचं बिल ऑफ लेडिंग हे मालकीचंच पत्र असतं. माल समुद्रात असताना ते विकता येतं, बँकेत तारण ठेवता येतं, आणि मूळ कागद हातात असेल त्यालाच बंदरावर माल मिळतो. एअर वेबिल ही पोचपावती आहे, वाहतुकीचा करारही आहे, पण मालकी त्यात नाही. दोह्यात ज्याचं नाव लिहिलंय त्याने ओळख पटवली की पेट्या त्याच्या.

असं का, ते समजायला नागपूरचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १९४९ मध्ये भारतात रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. म्हणजे कागदाला मिळू शकणारा सगळ्यात जास्त वेग हा विमानाचाच होता. बोट आठवडेच्या आठवडे चालते, तेवढ्यात टपाल पुढे जाऊन बँकांतून फिरून येतं. विमानातल्या मालाच्या पुढे मात्र कोणता कागद धावणार? मालकीच्या कागदाची वाट बघत संत्रा दोह्याच्या उन्हात सडला असता.

या सोयीची किंमत बागायतदाराने ओळखून असावं. पैसे यायच्या आत माल दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. म्हणून जाणकार आधी पैसे घेतात, नाहीतर बँकेची संमती घेऊन ‘माल घेणारा’ म्हणून बँकेचंच नाव घालतात. मग बँकेने सोडल्याशिवाय पेट्या हलत नाहीत. आणि कागद एजंटाने भरला असला, तरी त्यातल्या चुकीला कायद्याने जबाबदार धाडणाराच.

वजनाचा रकानाही गमतीचा आहे. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ६००० ने भागायचं. ६०, ४० आणि ३० ची पेटी झाली १२ किलोची. तिच्यात वीस किलो संत्रा असेल तर भाडं वीस किलोचं, आणि तीन किलो कापूस असेल तर बारा किलोचं. विमान वजनही विकतं आणि पोकळीही. जे जास्त भरेल त्याचे पैसे.

२०१९ च्या जानेवारीपासून ई-एअर वेबिल हाच बहुतेक मार्गांवरचा रूढ नियम झाला आहे. म्हणजे मालाची माहिती आता विमानाच्या कितीतरी आधी दोह्यात पोचते. कागद मालाच्या मागे पडण्याची अडचण जवळपास संपलीच. मालकी मात्र अजूनही या कागदात आलेली नाही, आणि पैशाची काळजी पूर्वीसारखीच बँकेच्या खिडकीवर करावी लागते.