जमिनीला कळलेला गोल

२७ फेब्रुवारी २०१६, शनिवारची दुपार. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या किंग पॉवर स्टेडियमवर लेस्टर सिटी विरुद्ध नॉर्विच सिटी हा सामना संपत आला होता आणि गोलफलक शून्य-शून्यवरच अडला होता. प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात लेस्टर सर्वांत वर होते, म्हणजे गमावण्यासारखे सगळे त्यांच्याकडेच होते. ८९व्या मिनिटाला मार्क ऑलब्रायटनने गोलसमोर चेंडू धाडला आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या लिओनार्दो उलोआने पाय लांबवून तो जाळ्यात ढकलला. एक-शून्य!

स्टेडियमपासून अर्ध्या किलोमीटरवर एक प्राथमिक शाळा आहे. लेस्टर विद्यापीठाच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे’च्या साथीने तिथे नुकताच एक भूकंपमापक बसवला होता. उलोआचा गोल झाला आणि त्या यंत्राची रेघ उसळली. विद्यार्थ्यांनी हिशेब केला. तीव्रता भरली ०.३. संघाचा लाडका गोलवीर जेमी व्हार्डी याच्या नावावरून त्यांनी या धक्क्याला ‘व्हार्डी क्वेक’ म्हटले.

हे वाचले तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. चाहत्याचा आनंद आपण डोळ्यांत पाहतो, आवाजात ऐकतो. इथे तो जमिनीतून अर्धा किलोमीटर चालत गेला होता आणि त्याची नोंद झाली होती!

धक्का केवढा, तर अगदी नखाएवढा. कोयना परिसरात तीन-सव्वातीन रिश्टरचे सौम्य धक्के अधूनमधून बसतात आणि तिथली माणसे कामे चालू ठेवतात. तीव्रतेच्या मोजपट्टीवर एक अंक वर सरकला की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणजे ३.३चा तसा एक सौम्य धक्का लेस्टरच्या गोलाहून तीस हजार पटींहून जास्त ऊर्जेचा. शाळेजवळून जाणाऱ्या कुणाच्या पायांना काही जाणवले नसणार. पण हा धक्का कुठल्या खडकाने दिलेला नव्हता, माणसांनी दिला होता. म्हणून त्याचे मोल वेगळे.

तो घडतो कसा? किंग पॉवर स्टेडियममध्ये साधारण ३२ हजार माणसे मावतात. त्यातली तीस हजार उठून नाचली असे धरू. माणशी ६५ किलो म्हटले तरी दोन हजार टनांच्या आसपास वजन होते. ते वर जाते आणि खाली आदळते. तो भार गॅलरीच्या काँक्रीटमधून स्टेडियमच्या पायात उतरतो, पायातून मातीत, आणि तिथून लाटा होऊन पसरतो. मात्र नुसत्या वजनाने काम भागत नाही. हीच माणसे सामना संपल्यावर हळूहळू पायऱ्या उतरतात, तेव्हाही वजन तेवढेच असते. ते विस्कळीत असते, इतकेच. बंद पडलेला ट्रक दहा जणांनी आपापल्या सवडीने रेटला तर जागचा हलत नाही, एकदम जोर लावला की चाक फिरते. स्टेडियममध्येही जोर एकाच क्षणी लागावा लागतो.

आणि निसटत्या विजयाची खरी किमया इथेच आहे, असे मला वाटते. फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ. प्रीमियर लीगच्या बहुतेक हंगामांत दोन्ही संघांचे मिळून सामन्यागणिक सरासरी तीनसुद्धा भरत नाहीत. तीन-शून्यने पुढे असताना चौथा गोल झाला तर कुणी टाळ्या वाजवतो, कुणी शेजाऱ्याशी बोलत राहतो. पण ८९ मिनिटे कोंडी फुटलेली नसते, तेव्हा हजारो माणसे जीव मुठीत धरून एकाच चेंडूकडे पाहत असतात. त्यांना एकत्र आणायला कुणी ‘एक, दोन, तीन’ म्हणत नाही. ते काम ताण करतो.

बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ स्टेडियमजवळही असाच एक भूकंपमापक आहे. ८ मार्च २०१७ला बार्सिलोनाने पॅरिस सें-जर्मांला ६-१ असे हरवले. दोन लढतींतली पहिली ०-४ अशी गमावलेली, त्यामुळे दोन्ही मिळून निकाल फक्त ६-५. त्यातले बार्सिलोनाचे शेवटचे तीन गोल ८८व्या मिनिटापासूनचे, आणि सर्जी रोबेर्तोचा निर्णायक गोल तर ९५व्या मिनिटाचा. यंत्राने तो गोल ठळक टिपला. याच यंत्राने ब्रूस स्प्रिंगस्टीनची मैफलही नोंदली होती. मैफलीच्या नोंदीत गाण्याचा ठेका वाचता येतो, कारण लोक तालावर नाचत होते. गोलाच्या नोंदीत असा ठेका नसतो. सगळे एकत्र उसळतात आणि पुढच्याच क्षणी ज्याचा त्याचा नाच सुरू होतो.

निसटत्या सामन्याचा हा ताण शरीरातही खोलवर उतरतो. २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इनिएस्ताने ११६व्या मिनिटाला गोल केला आणि स्पेनने नेदरलँड्सला १-० असे हरवले. तो सामना पाहणाऱ्या ५० स्पॅनिश चाहत्यांची लाळ संशोधकांनी तपासली. टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरके एरवीच्या दिवसाच्या तुलनेत वाढलेली आढळली. मैदान हजारो किलोमीटर दूर जोहान्सबर्गला, पण शरीर स्वतः स्पर्धेत उतरल्यासारखे वागत होते. याला धोक्याची बाजूही आहे. २००६च्या विश्वचषकात जर्मनीचे सामने होते त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरवीच्या २.६६ पट झाले, आणि त्यांचा जोर सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत सर्वाधिक होता. ‘जीव टांगणीला लागला’ असे आपण म्हणतो, ते ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांनी फार गांभीर्याने घ्यावे.

लेस्टरचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्या विजेतेपदावर सट्टेबाज एकाला पाच हजार असा भाव देत होते. त्याच लेस्टरने मार्च-एप्रिलमध्ये वॉटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस आणि साउदॅम्प्टन यांना ओळीने १-० असे हरवले आणि मे महिन्यात इंग्लंडचे विजेतेपद पटकावले. क्लबच्या १३२ वर्षांच्या इतिहासातले ते पहिलेच.

माझी एक मनापासूनची इच्छा आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ भिडतात, तेव्हा अख्ख्या पेठा तिथे लोटतात आणि शेवटच्या मिनिटाच्या गोलाला ज्या उड्या पडतात त्या लेस्टरला हार जाणाऱ्या नाहीत. शहरातल्या विद्यार्थ्यांनी स्टेडियमजवळच्या एखाद्या शाळेत असा भूकंपमापक बसवावा. कोयनेचे धक्के तो टिपेलच, मुलांना भूशास्त्राची गोडी लागेल, आणि एखाद्या संध्याकाळी पेठेतल्या पोरांना आपल्या एक-शून्यच्या विजयाचा आलेख कागदावर छापून भिंतीवर लावता येईल.