सैनिकांची नवी शाळा

मोठ्या आजारातून उठलेला एखादा मित्र डोक्यावर टोपी आणि तोंडाला मास्क लावून वर्गात आला, तर तुम्ही काय कराल? कुणी हसेल, कुणी लांब सरकून बसेल. पण तो मास्क आपली सर्दी त्याला लागू नये म्हणून असतो बरं का!

आपल्या हाडांच्या आत मऊ अस्थिमज्जा असते. तिथल्या मूळपेशींपासून रक्तातल्या पेशी तयार होतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले सैनिकच. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात हे सैनिक आपल्याच चेतातंतूंच्या वेष्टनावर चाल करतात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना! मग काही निवडक रुग्णांच्या मूळपेशी काढून जपून ठेवतात, जोरदार औषधांनी बिघडलेलं सैन्य हटवतात आणि त्या पेशी शिरेतून परत सोडतात. गंमत म्हणजे त्या आपल्या आपण हाडांत घर शोधतात.

रक्ताच्या कर्करोगात पुष्कळदा दुसऱ्याच्या पेशी लागतात. 1983 साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 9 वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातला हा पहिला यशस्वी प्रयोग. डॉक्टरांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. ते चाकांच्या खुर्चीत बसून काम करत. आज आपल्या गोराईपासून जवळच, बोरिवली पूर्वेला, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी महापालिकेचं असं केंद्र आहे.

पण खरी परीक्षा पुढेच असते. पहिले सैनिक दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात. मात्र ‘टी’ पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत शिकून तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मुलांची थायमस मोठी असते, म्हणून ती मोठ्या माणसांपेक्षा लवकर सावरतात.

आणखी एक गोष्ट. जुने सैनिक गेले की त्यांचे जुने धडेही बरेचसे पुसले जातात! म्हणून बाळपणी घेतलेल्या लसी डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा द्यायला लागतात. गोवराची लस तर साधारण 2 वर्षांनंतरच. म्हणजे पुन्हा पहिलीचा वर्ग!

तोवर त्याला सांभाळायचं कुणी? आपण! ताप-खोकला असेल तर घरी राहा, हात धुवा, आणि पालकहो, आपल्या मुलांच्या लसी वेळेवर द्या. त्याला गोवर होऊ न देणं आपल्या हातात आहे.

आणि हो, तो वर्गात आला की हसा जरूर. पण त्याला नाही, त्याच्याबरोबर!